परब विरुद्ध सावंत

दत्ताचा फोन आला तेव्हा मी लालबागच्या एका मिठाईवाल्याच्या पाटीवर ‘शुद्ध तुपातील’ हे शब्द रंगवत शिडीवर उभा होतो. शिडी बारा फुटी आहे, पण मी सगळ्यांना ती वीस फुटी सांगतो, तेव्हा तुम्हीही वीसच धरा. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन, पाय देवाच्या भरवशावर. “बबन, अनघा गेली,” दत्ता म्हणाला. आणि मी, तिला साठ वर्षांहून जास्त ओळखणारा माणूस, विचारता झालो, “कोण अनघा?”

खाली दोन टेम्पोवाले एकमेकांचा उद्धार करत होते, तेवढाच आवाज. मग दत्ता हळूच म्हणाला, “तुझी यमुना रे.” तेव्हा मला कळलं, आणि ‘तुपातील’मधला ‘तु’ एवढा लांब ओढला गेला की मिठाईवाल्याला आजही त्याचा हिशेब लागत नाही. नवरा बायकोच्या जाण्याची बातमी सांगतोय आणि मी विचारतोय, कोण. दोन महिने झाले, ती लाज अजून उतरलेली नाही. आणि खरं सांगू का, तो प्रश्न मूर्खासारखा विचारला असला तरी प्रश्न मूर्ख नव्हता. कोण गेलं, हे मला अजून नीट समजलेलं नाही…

माझ्यासाठी ती यमू. यमुना गोविंद परब. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली चौदा, आमची पंधरा, आणि मधली भिंत इतकी पातळ की तिकडे गोविंदकाका शिंकले की इकडे माझी आई ‘सत्य आहे’ म्हणायची. काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. यमू चाळीतली पहिली मुलगी जी एम.एस्सी.पर्यंत शिकली आणि परळच्या एका संशोधन संस्थेत लागली. तिचा विषय तिसऱ्या, खाडीतले शिंपले. हो, त्याच, ज्या तुम्ही-आम्ही एकशिपी करून खातो. माहीमच्या कोळणींकडून ती पाटीभर तिसऱ्या आणायची आणि संस्थेत जागा नाही म्हणून चाळीच्या गॅलरीत काचेच्या बरण्यांत ठेवायची. एका बरणीत स्वच्छ खारं पाणी, दुसरीत खाडीचं घाण पाणी. घाण पाण्यात तिसरी तोंड मिटते, हे कोळणीलाही ठाऊक होतं. यमूचा प्रश्न होता, ती तोंड उघडते कधी? आणि का?

एका रविवारी तिच्या आईने निम्म्या बरण्यांतल्या तिसऱ्या कालवणात शिजवल्या. निम्मं संशोधन आम्ही सगळ्या मजल्याने वड्यांबरोबर खाल्लं. यमू रडायची थांबेना. तिची आई म्हणाली, “गो, रडतंस कित्याक? चवीक चांगली होती मां.” माझ्या मते तिच्या कामाला मिळालेला तो पहिला अभिप्राय.

उरलेल्या निम्म्याची चित्रं मी काढली. तेव्हा मी पाट्या रंगवायला नुकता लागलो होतो. ती बरणीसमोर स्टुलावर बसवायची आणि म्हणायची, “बबन, शोभा आणू नको. आहे तेवढंच काढ.” आयुष्यात मला एवढा अवघड हुकूम दुसऱ्या कुणी दिलेला नाही. तिचा पहिला लेख परदेशी नियतकालिकात छापून आला, तेव्हा त्यावर दोन नावं होती, वाय. परब आणि बी. पेंटर. पेंटर हे माझं आडनाव नाही. आडनाव तांडेल, आणि कागदोपत्री बबनसुद्धा नाही, नारायण. पण चाळीत मला बबन पेंटरच म्हणतात आणि यमूला दुसरं काही सुचलंच नाही. “चित्रं तुझी, मग नाव नको?” एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून मी चहाच्या टपरीवर स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेत आलोय, आणि माझ्या असंख्य थापांमध्ये नेमकी हीच खरी निघावी, हा दैवाचा विनोद आहे.

त्या लेखात यमूचं म्हणणं सरळ होतं. पाणी घाण झालं की तिसरी मिटते, पाणी स्वच्छ झालं की उघडते. ती पाण्याची वाट बघते.

मग तिचं लग्न ठरलं, नायगावच्या दत्ताराम सावंतशी. माणूस सोन्यासारखा, अक्षर मात्र कोंबडीचं. दादरच्या हॉलमध्ये लग्न लागलं, आणि त्यानंतर ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायची वेळ आली. नाव बदलायलाच हवं होतं, कारण सासूचं नावही यमुनाच. एका घरात दोन यमुना कशा चालणार? हाक एक मारायची आणि दोघींनी ओ द्यायची? तेव्हा दत्ताने तांदळात ‘अनघा’ लिहिलं. मी मागेच उभा होतो. यमूने वाकून, बरणीवरचं लेबल वाचावं तसं ते वाचलं आणि माझ्याकडे मान वळवून पुटपुटली, “ह आहे की घ?” पेढे वाटले गेले. यमुना गोविंद परबची अनघा दत्ताराम सावंत झाली. नाव गेलं, मधलं नाव गेलं, आडनाव गेलं. तिन्हीपैकी एकही शिल्लक नाही. पोलिसांपासून लपणारा माणूससुद्धा इतकी काळजी घेत नाही. तिची आई तेवढी एका कोपऱ्यात म्हणत होती, “नाव बदललां म्हणान चेडू बदलता काय?”

संस्थेतही हजेरीपटावर नवं नाव चढलं, पीएच.डी.ही त्याच नावाने झाली. आणि दोन-तीन वर्षांनी ए. सावंत यांचा लेख आला. चित्रं अर्थातच बी. पेंटर. मी इंग्रजी अडखळत वाचत गेलो आणि मध्येच थबकलो. लिहिलं होतं, परब यांचा निष्कर्ष घाईचा आहे. तिसरी पाण्याची वाट बघत नाही. तिचा दम संपला की ती उघडते, मग बाहेर पाणी कसलंही असो.

“अगं, तू स्वतःलाच खोडतेस?”

“चुकली होती ती,” यमू म्हणाली. “बावीस वर्षांची होती, घाईतच असणार.”

“ती म्हणजे तू.”

“सही बघ ना खालची. मी आहे का ती?”

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टाच असावी… पण पुढे आणखी काही वर्षांनी एका सकाळी ती माझ्या दुकानात आली, पिशवीतून कागद काढले आणि म्हणाली, “बबन, तुझ्या दुकानाचा पत्ता वापरू?” तो वाय. परब यांचा दुसरा लेख होता, सावंत यांना उत्तर. नव्या बरण्या, नवी मोजमापं, आणि नम्रपणे असं म्हणणं की डॉ. सावंत यांनी सगळ्या तिसऱ्यांना एकाच मापाने मोजलं. काही तिसऱ्या खरंच वाट बघतात. दम संपला तरी उघडत नाहीत, तशाच मरतात. नावाखाली पत्ता होता, द्वारा बी. पेंटर, लालबाग, मुंबई.

मी म्हटलं, “हे बरं दिसतं का? लबाडी नाही का ही?” (मी. मी हे विचारलं. रंगाच्या डब्यांनीसुद्धा माना वळवून पाहिलं असेल.)

ती म्हणाली, “आकडे खरे आहेत. तिसऱ्या खऱ्या आहेत. नाव माझ्या बापाने ठेवलेलं आहे. यात खोटं काय ते दाखव.” मला दाखवता आलं नाही. आजही येत नाही.

पुढे जे झालं ते मला तिच्या विद्यार्थिनीने, अश्विनीने, या दोन महिन्यांत समजावून सांगितलं. दोन्ही नावांनी लेख येत राहिले, उत्तरं-प्रत्युत्तरं, आणि जगभर तिसऱ्यांवर काम करणाऱ्यांचे दोन पक्ष पडले. काही परबवाले, काही सावंतवाले. जो कोणी नवा लेख लिहील त्याला दोघींचा उल्लेख करावाच लागे, एकीच्या बाजूने नाहीतर दुसरीच्या. शास्त्रज्ञ किती मोठा हे आता अशा उल्लेखांवरून ठरतं म्हणे. तुझे दहा लेख असे असले की प्रत्येकाचा निदान दहा जणांनी उल्लेख केला, तर तुझा अंक दहा. मी अश्विनीला म्हटलं, म्हणजे गणपतीच्या रांगेसारखं. रांग किती लांब यावरून देव मोठा ठरत नाही, पण मंडळ ठरतं. ती हसली नाही, म्हणाली, “बरोबर तसंच, काका.”

गंमत अशी की संगणकाच्या लेखी परब आणि सावंत या दोन वेगळ्या बायका, हाडवैरी, एकाच शहरात राहून कधी एकत्र काम न केलेल्या. कोण कुणाबरोबर काम करतं याचं एक जाळं तो काढतो, ठिपके आणि रेघा. अश्विनीने ते लॅपटॉपवर दाखवलं. एका बाजूला परबचा ठिपका, दुसऱ्या बाजूला सावंतचा, आणि दोघींना जोडणारा जगात एकच ठिपका, बी. पेंटर. दोन्ही पक्षांत ऊठबस असलेला माणूस. असे आमच्याकडे निवडणुकीत प्रत्येक गल्लीत दोन सापडतात, पण विज्ञानात मी एकटाच.

यात नुकसान झालं ते यमूचंच. संस्थेत बढतीच्या वेळी नेहमी सावंतचाच अंक मोजला गेला, परबचा कुणीतरी तिऱ्हाईत बाई म्हणून बाजूला पडला. एक अर्ज भरला असता तर दोन्ही एक झाले असते. तिने तो भरला नाही. विचारलं की म्हणायची, “बघू रे.” ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या मागून आलेले दोन जण तिच्या पुढे होते, आणि त्यातल्या एकाने भाषणात सांगितलं की अनघाताईंचं काम चांगलं असलं तरी परब यांच्या तोडीचं म्हणता येणार नाही. यमू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मनापासून वाजवत होती, हे मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेला जी काही किंमत असेल ती धरून.

शेवटचं भेटलो ते तिच्या परळच्या घरी. हॉस्पिटलमधून सोडलं होतं, म्हणजे आता तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दत्ता पेज गरम करायला आत गेला होता. मी तिला हसवायला म्हणून सांगत होतो की आमच्या नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये मी परवा तीन दिवस अडकलो होतो आणि शेजाऱ्यांनी फटीतून पापड सरकवून मला जगवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “अश्विनी तुझ्याकडे येईल. आम्हा दोघींना एक करायचंय तिला. करू नको.”

“का गं?”

“एकीला तरी…” ती म्हणाली, आणि तेवढ्यात दत्ता पेज घेऊन आला. तो चमच्याने भरवायला लागला आणि वाक्य राहिलं. मी थांबलो होतो. पेज संपल्यावर तिचा डोळा लागला, मी निघालो. परत भेट झाली नाही.

एकीला तरी, काय? एकीला तरी नीट जगू दे? एकीला तरी चूक राहू दे? की साधी भीती होती, दुकानाच्या पत्त्याची ती भानगड उघडी पडेल, एकीला तरी वाचव? मी या दोन शब्दांच्या पुढे काय काय रंगवून पाहिलं. पाटीवर अर्धा शब्द दिसला तर पुढचा काय हे मी डोळे झाकून सांगतो, हा माझा धंदा आहे. इथे हात चालत नाही.

ती गेल्यावर पंधरवड्याने अश्विनी खरंच आली. दुकानाच्या दारात उभी राहून तिने विचारलं, “प्रोफेसर पेंटर इथेच राहतात का?” मी शिडीवरून म्हणालो, “बोला.” तिने हातातला पत्ता पुन्हा वाचला. मग तिने काम सांगितलं. संस्थेत नवी वाचनखोली होतेय, तिला एका दिवंगत शास्त्रज्ञाचं नाव द्यायचंय. दोन नावं पुढे आहेत, एक मॅडमचं आणि एक दुसऱ्या गृहस्थांचं. समिती अंक बघणार. नुसत्या सावंतचा कमी पडतो. नुसत्या परबचाही. दोघी एक झाल्या तर, आपापसातले उल्लेख वजा करूनसुद्धा, मॅडम कितीतरी पुढे. त्यासाठी दोघींबरोबर काम केलेल्या माणसाने लिहून द्यायला हवं की या एकच. असा माणूस एकच होता.

“नवऱ्याचं का नाही चालत?” मी म्हटलं.

“ते घरचे झाले. सहलेखक लागतो.”

ठरलं की दत्ताच्या घरी बसू. अश्विनी कागद टाइप करून घेऊन आली होती. दत्ताने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने मला दारातच सांगितलं की तो रोज सकाळी संस्थेवरून फिरायला जातो, वाचनखोलीचं प्लॅस्टर झालंय, दारावर पाटीची जागा सोडलीय. “तूच रंगव,” तो म्हणाला. “मला कुठेतरी तिचं नाव वाचायचंय रे. घराबाहेर.” एवढं मागणं त्याने चाळीस वर्षांत कुणाकडे केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी कागद घेतला. आधी मी म्हणजेच बी. पेंटर, असं लिहून द्यायचं होतं, कारण आधार कार्डावर भलताच माणूस आहे. मग त्या पेंटरने लिहून द्यायचं होतं की त्या दोघी एक. “आणि पाटीवर नाव कुठलं येणार?” मी विचारलं.

“शेवटचं अधिकृत,” अश्विनी म्हणाली. “डॉ. अनघा सावंत. संगणकावरही तेच राहील, परब त्याच्यात विलीन होईल.”

विलीन. शब्द चांगला होता, पण मला तांदळाचं ताट हलवल्यासारखं वाटलं. मग मी दत्ताला, त्याच्याकडे न बघता, शेवटच्या भेटीतलं सगळं सांगितलं. करू नको म्हणाली ते, आणि ‘एकीला तरी’ तेही. इतके दिवस सांगितलं नव्हतं. त्याच्या हातातल्या पेजेने ते वाक्य तोडलं होतं, हे त्याला कसं सांगायचं?

दत्ता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. अश्विनीच तिच्या सवयीने, नरम आवाजात म्हणाली, “पेंटरकाका, एकच होत्या ना त्या?”

आता मी आयुष्यभर थापा मारल्यात. बारा फुटी शिडी वीस फुटी केली, बोंबिलाला शार्क केलं. पण कुणाचं काही हिरावून घेणारी थाप कधी मारली नव्हती. ती त्या दिवशी मारली. की ती थाप नव्हतीच? मी म्हणालो, “नाही. दोघी होत्या. मी दोघींना ओळखत होतो. पटायचं नाही त्यांचं.”

अश्विनीने दत्ताकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला वाटलं आता हा उठून मला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर योग्यच करेल.

दत्ता म्हणाला, “माझं लग्न एकीशीच झालं, पोरी. दुसरी… दुसरीची माझी तशी ओळख नव्हती.”

अश्विनीने कागद दुमडला. ती हुशार मुलगी आहे, तिच्या बाईंचीच विद्यार्थिनी. तिने पुन्हा काही विचारलं नाही. जाताना पाया पडली, दत्ताच्या, आणि का कोण जाणे, माझ्याही. वाचनखोलीला त्या दुसऱ्या गृहस्थांचं नाव लागलं. पाटी कुठल्याशा मशीनवर कापलेल्या अक्षरांची आहे, मला त्यात काही खास दिसलं नाही. दत्ता आता सकाळी दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातो.

तुम्ही म्हणाल, मग पेपरच्या पुरवणीत हे सगळं छापून का टाकतोस? दत्ताला विचारूनच छापतोय. तो म्हणाला, “खुशाल छाप. तुझं कोण खरं मानतं?” शिवाय इथली सगळी नावं मी बदलली आहेत. तिला त्याची सवय आहे.

मी बरोबर केलं की चूक, हे मला कळत नाही. सकाळी वाटतं मित्राचं एकमेव मागणं मोडलं, संध्याकाळी वाटतं मैत्रिणीचं पाळलं. मिटून बसणं ही वाट बघणं असतं की नुसता दम धरणं असतं, यावर एका बाईला दोन नावांनी भांडावं लागलं, आणि तरी निकाल लागला नाही. मी तर पाट्या रंगवणारा.

गेल्या आठवड्यात दुकानात एक पाकीट आलं, नॉर्वेहून. पाकिटावर थरथरत्या हाताने लिहिलेलं, डॉ. वाय. परब, द्वारा बी. पेंटर. ‘द्वारा’ मीच, म्हणून फोडलं. तिसऱ्यांवर जन्म घालवलेल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने लिहिलं होतं. डॉ. अनघा सावंत गेल्याचं त्याने वाचलं होतं. तो डॉ. परब यांचं सांत्वन करत होता. त्याने लिहिलं होतं की आपल्याला इतक्या काळजीने चुकीचं ठरवणारं माणूस गेलं की घरातलं माणूस जाण्याइतकंच लागतं, आणि हे आजूबाजूच्यांना समजत नाही, म्हणून मी लिहितोय. तुम्ही आता कशा आहात, तब्येत सांभाळा, जमलं तर दोन ओळी कळवा.

मी ते पत्र घेऊन दत्ताकडे गेलो. त्याला वाचून, जमेल तसं मराठीत सांगितलं. त्याने ते हातात घेतलं, इंग्रजी फारसं येत नसूनही दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चष्मा काढला.

“हिला, परबला, सांगायला कुणी गेलंच नाही रे,” तो म्हणाला.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. तिथे खिडकीशी तिचं टेबल आहे. दत्ताने पत्र उलगडून त्यावर ठेवलं, कोपरे हाताने सरळ केले. मग खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली, कुणाला बसता येईल एवढी, आणि आम्ही दोघे बाहेर येऊन बसलो.